उसना दिवस

आमचे वामनराव मुकादम रविवारी कोणाच्या घरी चहा प्यायले आले, की त्या घरचं काही ना काही दुरुस्त होऊनच जाय. रुख्मिणीकडं गेले, तर तिच्या न्हाणीच्या फरश्या बसवून आले. आमच्याकडं आले, तर छपरावर चढून सगळे कवेलू फेरून गेले. एकदा आमचे हे, म्हणजे नत्थूजी, गावच्या वावरात एकटेच वखरून राहिले होते, तर हा माणूस सायकल मारत तिथं पोचला. म्हणे, "इकडूनच चाललो होतो गा. म्हटलं, चहा पिऊन जावं." आता वावरात कुठला चहा? पण दिवसभर वखरलं, अन् संध्याकाळी आमच्या घरी येऊन खरोखरच चहा पिऊन गेले.

मी पंचफुला. तोंडाची फटकळ, हे सारी खदान सांगते. नवऱ्याचं नाव घेते, काही होत नाही. तर ते छपरावर असताना मी खालून मुकादमाले म्हणत होती, "भाऊ, तुमच्या अंगात किडे आहेत का जी? सुट्टीच्या दिवशी माणूस आपल्या घरी जाते. यमुताई तिकडं बेसाले एकटी, अन् तुम्ही इकडं लोकाइच्या छपरावर माकडावानी चढून राहिले."

ते वरूनच म्हणत, "मले बसलं की अंग दुखते वं. तू चहा ठेव."

यमुताई म्हणजे त्याइची बायको. बेसाले त्याइचं मातीचं घर अन् थोडंसं वावर. तेव्हा बेसा म्हणजे निव्वळ खेडं, नागपूर कुठं अन् ते कुठं. मुकादम खदानीच्या लायनीत एका खोलीत राहत. मले सख्खा भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेले मी याइलेच ओवाळत होती. नवरा-बायकोचं पटत नसन, म्हणून हा माणूस सुट्टीतही घरी जात नाही, असं आम्ही बायाइनं मनात धरून ठेवलं होतं.

आमची खदान कामठीच्या पुढं, रामटेकच्या रस्त्यानं. कागदावर तिचं नाव इंग्रजी होतं, आम्ही काळी टेकडी म्हणत होतो. मँगनीजची खदान. पुरुष खोदत, अन् आम्ही बाया हातोडीनं दगड फोडत, चांगला माल निवडत, टोपल्यानं नेऊन रचत. घरी येऊन दोनदा साबण लावला तरी उशीवर काळा डाग पडे.

माल जाय रेल्वेनं. खदानीच्या सायडिंगवर रिकामे डबे लागले, की ते ठरल्या वेळात भरून द्या, नाहीतर कंपनीले दंड. अन् ते मेले डबे नेमके रविवारीच लागत. रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, आमची हक्काची सुट्टी. मंग सकाळीच मुकादम लायनीतून फिरत. दारात उभे राहत, टोपी काढून हातात घेत, अन् म्हणत, "बाई, आजचा दिवस उसना दे."

आम्ही सगळे खेड्यातून आलेले. खेड्यात आज मी तुझ्या निंदणाले येते, उद्या तू माझ्या कापणीले ये, हे चालतच राहते. त्याचा पैसा कोणी मागत नाही. मागितला तर त्या माणसाले कोणी पाणीही विचारत नाही. अन् रीत अशी, की देणाऱ्यानं मागू नाही, अन् फेडणाऱ्यानं मी फेडून राहिलो असं बोलू नाही. कोणी गुमान येऊन विळा हाती घेतला, की आपण समजून जायचं. तीच रीत आम्ही खदानीत आणली. "घ्या भाऊ," म्हणायचं, भाकर फडक्यात बांधायची, अन् डबे भरायले जायचं.

जुने मॅनेजर होते तोवर ठीक होतं. कोणाचं लग्न, कोणाचं मरण, कोणाचा पोळा, ते मुकादमाच्या शब्दावर माणूस सोडत अन् पगार कापत नसत. मंग खदान दुसऱ्या शेठनं घेतली, अन् ओमप्रकाश साहेब मॅनेजर होऊन आले. रविवार त्याइलेही पाहिजे होते. मुकादमानं परत करायचं विचारलं, तर म्हणे, "ले लो उधार, बाद में देख लेंगे." मुकादमानं साहेबाचा शब्द खरा धरला, अन् आम्ही मुकादमाचा.

माझी गोपिका नागपूरले दिली होती. जावई जरीपटक्यात कापडाच्या दुकानात. तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं, अन् तेव्हा मी इकडं डबे भरून राहिली होती. निरोप आला तोवर सगळं आटोपलं होतं. पोरगी मले रागावली नाही, फक्त म्हणे, "माय, तू असती तर बरं वाटलं असतं." रागावली असती तर परवडलं असतं.

बांगलादेशची लढाई झाली, त्याच्या पुढच्या साली तिचे पुन्हा दिवस भरत आले. या वेळी मी मुकादमाले सांगितलं, "भाऊ, मी कधी मागितलं नाही. पण आता माझे उसने पाहिजे." मागणं रीतीत बसत नव्हतं, म्हणून मान खाली घालूनच बोलली. ते साहेबाकडं गेले. साहेब फोनवर होते, त्याइनं नुसती मान हलवली. मुकादम धावत माझ्याकडं आले. "जाय वं," म्हणे, "लेकराचं तोंड पाहून ये."

नात झाली. गोपिका माझा हात सोडेना, अन् मलेही सोडवेना. बारसं आटोपून मी परत आली, तर गेटवरचा बाबू म्हणे, नाव कटलं. बिना अर्जी गैरहाजर. आधीचा पगारही अडकवून ठेवला.

पगाराचं एकवेळ जाऊ द्या, पोटाले चिमटा घेऊन काढलं असतं. पण खदानीत दगड फोडायची मशीन आली होती. एकदा बाईचं नाव कटलं, की पुन्हा लागत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या हाती हातोडी. ती गेली म्हणजे मी चुलीपुढं बसून नवऱ्याच्या पैशाची वाट पाहायची, अन् एकट्याच्या मजुरीत आमचं घर काही चालत नव्हतं. मले माझं नाव परत पाहिजे होतं. दुसरं काहीच नाही.

मुकादम ओमप्रकाश साहेबाकडं जाऊन आले. चेहरा राखेवानी झाला होता, पण मले काही सांगितलं नाही. रविवारी आले, चहा प्यायले म्हणून, अन् अंगणात लाकडं फोडत बसले. माझं टाळकं सरकलं.

"लाकडं राहू द्या, भाऊ," म्हटलं, "साहेबाचं डोकं फोडा."

त्याइनं कुऱ्हाड भिंतीले टेकवली अन् गुमान निघून गेले. चहा न पिता गेले, असं पहिल्यांदाच झालं.

मंग मी आनंदरावले गाठलं. आनंदराव युनियनचा माणूस, नागपुरात इंदोऱ्याले राहे. त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, अन् घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर पोराले वरच्या शाळेत घातलं. पोरगा शिकला, कायदा वाचायले लागला, अन् खदानी-खदानीतून फिरायले लागला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"पंचफुलाबाई, सुट्टीच्या दिवशी काम केलं ते ओव्हरटाइम झालं. त्याची दुप्पट मजुरी लागते."

"पण भाऊ, ते तर आम्ही उसने दिले होते."

त्यानं कपाळाले हात लावला. "उसनं कोणाले देते माणूस? जो आपल्या निंदणाले येते त्याले. शेठ आला का कधी तुमच्या निंदणाले?"

शेठ धोतर खोचून आमच्या तुरीत निंदून राहिला आहे, असं मी डोळ्यापुढं आणलं, अन् मले हसूच आवरेना. हसू थांबलं, तेव्हा मंग राग आला. एवढे वर्षं आपण कोणाच्या वावरात राबून राहिलो, हे मले तेव्हा समजलं. आनंदरावनं आमच्या सगळ्या टोळीचा अर्ज लावला. माझं नाव अन् पगार परत द्या, अन् सगळ्याइच्या रविवारचे पैसे द्या.

सुनावणी धरमपेठेत, लेबर साहेबाच्या कचेरीत. मी आदल्या दिवशीच गोपिकाकडं येऊन राहिली होती. निघताना नातीनं माझ्या पदरावर दूध ओकलं. गोपिका म्हणे, "दुसरं लुगडं नेस." मी म्हटलं, राहू दे, याच्यासाठीच तर चालली.

कचेरीत एका बाजूले आम्ही, दुसऱ्या बाजूले कंपनी. कंपनीच्या बाकावर वकील, ओमप्रकाश साहेब, अन् त्याइच्या शेजारी आमचे वामनराव मुकादम. धुतलेलं धोतर, कडक टोपी, नजर जमिनीत. कंपनीनं त्याइले साक्षीदार म्हणून आणलं होतं. त्याइची उमर झाली होती, काम सुटताना हाती जे काही पडायचं ते साहेबाच्या सहीवर होतं. आनंदराव माझ्या कानाशी म्हणे, "त्यांच्यावर भरवसा ठेवू नका." मी म्हटलं, "गप बसा." पण नजर पुन्हा पुन्हा त्या बाकाकडंच जात होती.

कंपनीचं म्हणणं एकच. रविवारी खदान बंद. हजेरीत रविवार कोरे आहेत, कोणी आलंच नाही.

पहिले रुख्मिणीले उभं केलं. लेबर साहेबानं विचारलं, "तुम्ही रविवारी कामावर जात होता?"

"हो जी, जात होती."

वकील उठला. "मग पैसे मागितले होते का कधी?"

"नाही जी," रुख्मिणी पदर सावरत म्हणे, "उसन्याचे काय पैसे मागते माणूस? ते पैशाचं कामच नव्हतं."

वकिलाच्या तोंडावर लोण्यावानी हसू. आनंदरावनं डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, जाऊ दे, बाई भोळी आहे, आता आमचे हे सावरून घेतील. अन् नत्थूजी उभे राहिले अन् छाती काढून म्हणाले, "आम्ही पैशासाठी गेलो नव्हतो साहेब. मुकादमभाऊ दारात आले, नाही कसं म्हणणार?" साऱ्या टोळीनं माना हलवल्या. आपली अब्रू राखली, असं वाटून राहिलं होतं सगळ्याइले. मी नवऱ्याकडं असं पाहिलं, की त्यानं खाली बसून दुसऱ्याच भिंतीकडं तोंड केलं.

"पाहा साहेब," वकील म्हणाला, "मजुरीसाठी काम केलंच नाही, हे हेच लोक सांगताहेत."

मले पुकारलं. मी उभी राहिली.

"मागितले नाही हे खरं," मी म्हटलं. "आमच्यात मागायची रीत नाही. पण फेडायची तर आहे ना? आम्ही देत राहिलो, कंपनी घेत राहिली. मी माझे उसने घेऊन पोरीच्या बाळंतपणाले गेली, तर माझं नाव कापलं. उसनं घेताना आमची रीत, अन् परत करताना कंपनीची, हा कोणता न्याय झाला?"

"कंपनीने कुणाकडूनही उसनं काही घेतलेलं नाही," वकील म्हणाला. "असा प्रकारच खदानीत नाही. आमचे मुकादम सांगतील."

मुकादम उठले. टोपी काढून हातात घेतली, आमच्या दारात उभे राहत तसेच. लेबर साहेबानं विचारलं, "वामनराव, तुम्ही या लोकांना रविवारी कामावर बोलावलं होतं का?"

ओमप्रकाश साहेब हळूच खाकरले. मंग मुकादमानं साहेबाकडं नाही, लेबर साहेबाकडंही नाही, माझ्याकडं पाहिलं. माझ्या पदरावरच्या त्या दुधाच्या डागाकडं पाहिलं.

"बोलावलं जी," ते म्हणाले. "दारोदार गेलो. आजचा दिवस उसना दे म्हटलं. माझ्या घरचं काम नव्हतं, कंपनीचे डबे भरायचे होते. साहेबानं देख लेंगे म्हटलं होतं, ते मी या लोकाइले सांगितलं."

वकील थोडा गडबडला, पण हुशार माणूस. "असं असेल, तर इतकी वर्षं परतफेड झाली नाही तरी हे लोक गप्प कसे राहिले? कुणीच तक्रार केली नाही?"

"कारण मी फेडून राहिलो होतो जी."

"म्हणजे?" लेबर साहेबानं विचारलं.

मुकादम टोपीची घडी करत राहिले. "हे बोलू नाही, अशी रीत आहे साहेब. आज मोडतो. कंपनी काही परत करत नव्हती. पण शब्द माझ्या तोंडून गेला होता ना? म्हणून ज्या रविवारी डबे नसत, त्या रविवारी मी एकेकाच्या घरी जात होतो. कोणाचे कवेलू, कोणाची फरशी, या नत्थूजीचं वावर. माझ्यानं झालं तेवढं फेडलं. सगळं नाही झालं. या पंचफुलाचं तर भल्लं देणं राहिलं, तिले जाय म्हणून मीच सांगितलं होतं. तिचं नाव कापू नका जी. गैरहाजर ती नव्हती, देणं आमच्याकडंच होतं."

रुख्मिणी हुंदके देऊन रडायले लागली. माझ्या डोळ्यापुढं ते कवेलू आले, तो वखर, ती अंगणातली लाकडं, अन् खालून ओरडणारी मी. माझा भाऊ आमच्या छपरावर बसून कंपनीचं कर्ज आपल्या अंगानं फेडत होता, अन् वर माझ्या शिव्या खात होता. मले त्याचा एवढा लोभ आला, की तिथंच जाऊन पाय धरावे वाटलं. पण कचेरी होती, बसून राहिली.

लेबर साहेबानं चष्मा पुसला. "तुमच्या घरी कोण असतं, वामनराव?"

"बायको असते जी, बेसाले. तिचे रविवार गेले."

निकाल काही दिवसांनी आला. माझं नाव परत लावा, अडकवलेला पगार द्या, अन् साऱ्या टोळीच्या रविवारची दुप्पट मजुरी द्या. आनंदरावनं लायनीत उभं राहून सगळ्याइले वाचून दाखवला. त्यात लेबर साहेबानं एक गोष्ट लिहिली होती, ती मी आनंदरावकडून दोनदा वाचून घेतली. मागितलं नाही, म्हणून देणं संपत नाही.

मी हातोडी घेऊन गेटातून आत गेली, अन् त्याच आठवड्यात ओमप्रकाश साहेबानं मुकादमाले सांगितलं, "उमर हो गई, अब आराम करो." हार नाही, नारळ नाही. त्याइनं वळकटी सायकलीले बांधली अन् बेसाले निघून गेले. त्याइच्या हक्काच्या पैशासाठी आनंदराव चकरा मारायले लागला.

पुढच्या रविवारी डबे लागले नव्हते. आमची टोळी पहाटेच निघाली. नागपूरपर्यंत खदानीचा ट्रक, पुढं पायपीट. कोणी पीठ घेतलं, कोणी तुरीची डाळ, नत्थूजीनं खांद्यावर शिडी. बेसाले पोचलो अन् घर पाहून माझा जीव कसनुसा झाला. साऱ्या खदानीचे छप्परं शाकारणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या छपरातून आभाळ दिसून राहिलं होतं. अर्धे कवेलू फुटके, एका कोपऱ्यावर नुसतं तुराट्याचं झाकण.

यमुताई दारात उभी होती. बारीक, उन्हानं रापलेली बाई. तिनं आम्हाले वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का त्या रविवारच्या?"

मी वाकून तिच्या पायाले हात लावला. तिनं लगेच उठवलं नाही. जराशानं तिचा हात माझ्या डोक्यावर आला.

आवाज ऐकून मुकादम मागच्या अंगणातून आले. हातात खुरपं. तोवर नत्थूजी शिडी लावून वर चढले होते, अन् रुख्मिणी पदर खोचून कवेलू झेलायले खाली उभी होती.

"काहून आले गा एवढे?" मुकादम म्हणाले.

नत्थूजीनं वरून माझ्याकडं पाहिलं. कचेरीत तोंड उघडून माती केली होती, या वेळी गप राहिला शहाणा.

"चहा प्यायले आलो, भाऊ," मी म्हटलं.

त्याइनं शिडीकडं पाहिलं, छपराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मंग शिडीकडं जायले लागले, तर यमुताईनं त्याइच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"ऐकू नाही आलं का जी? पाहुणे चहा प्यायले आले आहेत," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

तिनं अंगणात खाट टाकली अन् आत चूल पेटवायले गेली. मुकादम खाटेवर टेकले. टोपीनं तोंड पुसलं, मंग पुन्हा पुसलं. अंग दुखते, असं एकदाही म्हणाले नाही. त्या रविवारी ते दिवसभर आपल्या घरी बसून होते.